बाखचा नाच, ब्लूजची चाल : 'स्टँड अप' आतून कसा आहे

'स्टँड अप' हा जेथ्रो टल या इंग्लिश बँडचा दुसरा अल्बम. जुलै १९६९ मध्ये तो ब्रिटनमध्ये निघाला आणि तिथल्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. पुढे ज्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक हे नाव पडलं, त्याच्या अगदी सुरुवातीच्या खुणांमध्ये त्याची गणना होते. त्याच्याबद्दल वाचायला गेलं की एक वाक्य हमखास भेटतं : यात ब्लूज, जाझ, लोकसंगीत आणि युरोपचं अभिजात संगीत यांचा मिलाफ आहे. वाक्य खोटं नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. मिलाफ झाला म्हणजे नेमकं काय झालं? कुठला भाग कुठून आला, तो कशावर बसला आणि बसल्यावर जुन्या भागाचं काय झालं? अल्बम शेजारी ठेवून, सावकाश, हेच बघायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. त्या काळात अनेक बँड रॉकच्या अंगावर अभिजात संगीताची शाल पांघरत होते. 'स्टँड अप'मध्ये शाल नाही. इथे वाद्यांची कामंच बदलली आहेत. ज्या वाद्यानं नुसती पाठराखण करायची, त्याच्या वाट्याला सुरावट आली. ज्यानं फक्त गोड वाजायचं, त्याला ठेका धरावा लागला. म्हणून हा अल्बम पन्नासहून अधिक वर्षांनंतरही ताजा वाटतो.

थोडी पार्श्वभूमी. बँडचा म्होरक्या इअन अँडरसन. जन्म १९४७ चा, स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचा. वाढला एडिंबरामध्ये आणि नंतर इंग्लंडच्या ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावात. बँडला नाव मिळालं ते अठराव्या शतकातल्या एका इंग्रज शेतीतज्ज्ञाचं, ज्यानं बी पेरण्याचं यंत्र, एक प्रकारची यांत्रिक पाभर, तयार केलं होतं. पहिला अल्बम 'धिस वॉज' ऑक्टोबर १९६८ चा. तो बहुतांशी ब्लूज आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं हे संगीत तेव्हा लंडनच्या तरुणांनी डोक्यावर घेतलं होतं. त्याचा सगळ्यात रुळलेला साचा बारा बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) : चार-चार बारच्या तीन ओळी, मुख्य तीन कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह), दुसरी ओळ बहुधा पहिलीचीच पुनरावृत्ती, तिसरीत उत्तर. साचा छोटा असल्यामुळेच त्यात वाजवणाऱ्याला मोकळीक मिळते. पण दहा गाणी त्याच साच्यात झाली की गाणं लिहिणाऱ्याला भिंती दिसू लागतात.

अँडरसनला त्या दिसल्या. गिटारवादक मिक एब्रॅहम्सला ब्लूजपासून फार लांब जायचं नव्हतं. तो बाहेर पडला आणि त्यानं ब्लॉडविन पिग हा स्वतःचा बँड काढला. मधल्या काही दिवसांसाठी टोनी आयोमी आला. हाच पुढे ब्लॅक सॅबथचा गिटारवादक म्हणून जगाला माहीत झाला. शेवटी १९६८ सरताना मार्टिन बार आला आणि पुढची चार दशकं राहिला. बेस गिटारवर ग्लेन कॉर्निक, ड्रम्सवर क्लाइव्ह बंकर. एप्रिल-मे १९६९ मध्ये, मुख्यतः लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत, हा संच नव्या गाण्यांना भिडला. एक रचना सोडली तर सगळी गाणी एकट्या अँडरसनची, आणि तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. टेरी एलिस आणि तो स्वतः मिळून निर्माते. ध्वनिमुद्रण अँडी जॉन्सचं.

अल्बमचं पहिलं गाणं, 'अ न्यू डे यस्टरडे', मुद्दाम जुन्या वाटेवरून सुरू होतं. जड, रेंगाळणारा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी ओळ), माउथ ऑर्गन, पक्का ब्लूज. ऐकणाऱ्याला वाटावं की गेल्या वर्षीचीच मंडळी आहेत. मग गाण्याच्या मध्यावर, जिथे गिटारचा एकल तुकडा यायचा, तिथे बासरी येते. आणि ती मधुर नाही. ती घोगरी आहे, धापा टाकते, मध्येच गुरगुरते.

या बासरीपाशी थांबायला हवं, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्या कानांना बासरी म्हणजे हरिप्रसाद चौरसियांचा भरदार, सलग सूर. त्या बांबूच्या बासरीची छिद्रं उघडी असतात. बोट हळूहळू सरकवलं की एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येतं, म्हणून मींड येते. पाश्चात्त्य बासरी धातूची, तिच्या छिद्रांवर झाकणं, झाकणांना दांड्या. जर्मन कारागीर थिओबाल्ड बोम यानं एकोणिसाव्या शतकात बसवलेली ही रचना प्रत्येक स्वर चोख देते, पण स्वरांमधल्या जागा बऱ्याच अंशी बंद करून टाकते. मींड फारशी नाही, मग या वाद्यातून भावना काढायची कशी? ऑर्केस्ट्रातला वादक सुराच्या कंपनातून आणि लहानमोठेपणातून काढतो. अँडरसननं फुंकेला हात घातला.

बासरीत फुंकर तोंडाजवळच्या छिद्राच्या काठावर आपटते आणि दुभंगून आत-बाहेर हेलकावत राहते; त्या हेलकाव्यानं नळीतली हवा कंप पावते. फुंकर जोरात दिली तर बोटं न हलवता सूर एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. जीभ फडफडवली तर सुराचे बारीक तुकडे पडतात. आणि फुंकतानाच गळ्यातून गुणगुणलं, तर हवेच्या एकाच झोतावर दोन सूर स्वार होतात. समजा, बासरीचा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा आहे आणि गळ्यातला ३३० चा. ते एकमेकांत मिसळताना त्यांच्या वजाबाकीचा ११० चा आणि बेरजेचा ७७० चा अंशही ध्वनीत उमटतो. हे वरखालचे जादा अंश म्हणजेच ती गुरगुर. इलेक्ट्रिक गिटारवाले अॅम्प्लिफायरला मर्यादेबाहेर ताणून जो खरखरीत भरणा मिळवतात, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी अँडरसन नुसत्या छातीच्या भात्यातून काढत होता.

ही युक्ती त्याची स्वतःची नव्हे. अमेरिकन जाझवादक रोलंड कर्क हे आधीपासून करत होता, आणि 'धिस वॉज'मध्ये टलनं कर्कचीच 'सेरेनेड टू अ कुकू' ही रचना वाजवली होती. ऋण उघडपणे मान्य होतं. अँडरसननं बासरी हातात घेतली तीच मुळात १९६७ मध्ये, गिटार बाजूला ठेवून. एरिक क्लॅप्टनसारखे वादक असताना आपण गिटारवर कायम मागेच राहणार, हा त्यामागचा सरळ हिशेब त्यानं मुलाखतींतून सांगितला आहे. वाद्य तो स्वतःच शिकला. पुढे कितीतरी वर्षांनी, मुलगी शाळेत बासरी शिकू लागली तेव्हा, आपण अनेक स्वरांसाठी चुकीची बोटं वापरत आलो हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं ती नव्यानं बसवली. म्हणजे 'स्टँड अप'मधली बासरी ही दोनेक वर्षं वाजवणाऱ्या, बोटं चुकवणाऱ्या माणसाची आहे. हे कळल्यावर मला ती जास्तच आवडू लागली. तिच्यातली धडपड खरी आहे.

याच अँडरसनचा सतारवादक अनुष्का शंकर यांच्यासोबतचा मुंबईतला कार्यक्रम २९ नोव्हेंबर २००८ ला ठरला होता. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानं तो रद्द झाला. दोघांनी माघारी न जाता ५ डिसेंबरला पीडितांच्या मदतीसाठी मुंबईतच मैफल केली. 'स्टँड अप'शी त्याचा थेट संबंध नाही, पण त्या बासरीबद्दल मराठीत लिहिताना हे वगळणं मला बरं वाटत नाही.

आता अल्बमच्या गाभ्याकडे. पहिल्या बाजूवर तिसरी रचना आहे 'बूरे'. शब्द नाहीत, पावणेचार मिनिटांच्या आसपासचं वादन, आणि मूळ रचना योहान सेबास्टियन बाखची : ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठीच्या ई मायनर सूटमधला (सूट म्हणजे नाचांच्या चालींची मालिका), बाखच्या रचनांच्या यादीत बीडब्ल्यूव्ही ९९६ या क्रमांकाच्या सूटचा, सहापैकी पाचवा भाग. अँडरसननं सांगितलेली हकिगत अशी, की तो भाड्याच्या खोलीत राहत असताना खालच्या मजल्यावरचा एक विद्यार्थी हा तुकडा गिटारवर सतत घोकायचा. ऐकून ऐकून तो डोक्यात बसला.

बूरे हा मुळात फ्रान्समधल्या खेड्यापाड्यांचा नाच. तो सतराव्या शतकात दरबारात गेला, दरबारी नाचांच्या मालिकेत बसला आणि बाखपर्यंत पोचला तोवर त्यावर प्रत्यक्ष नाचणं मागे पडून तो ऐकण्याचा प्रकार झाला होता. बाखनं हा सूट वायमारच्या नोकरीत असताना, १७०८ ते १७१७ च्या दरम्यान रचला असं मानलं जातं. तेव्हा 'स्टँड अप'मध्ये लोकसंगीत आणि अभिजात संगीत एकत्र आलं, असं म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं की इथे घेतलेल्या तुकड्यात ते अडीचशे वर्षांपूर्वीच एकत्र आलेलं होतं.

तुकडा कसा बांधला आहे ते आपल्या स्वरांत पाहू. सा रे ग, रे सा नी, सा रे प : गंधार कोमल, आणि नी व प खालच्या सप्तकातले. मग तिथूनच ध नी सा असं चढणं, आणि लगेच नी ध प, म ग रे असं खाली उतरणं. चढताना ध आणि नी शुद्ध, उतरताना दोन्ही कोमल. पिलूमध्ये दोन्ही धैवत, दोन्ही निषाद ऐकायची सवय असलेल्या कानाला हे परकं वाटत नाही. बाखचा हा तुकडा इकडे चटकन गुणगुणता येतो त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

दुसरं कारण त्याचा छंद. स्वरांचे गट बघा : दोन छोटे, एक मोठा, दोन छोटे, एक मोठा. म्हणजे लघु, लघु, गुरू. शाळेत वृत्तं शिकलेल्या माणसाला हा सगण ओळखू येईल, आणि चार सगण म्हणजे तोटक वृत्ताचा एक चरण : ललगा ललगा ललगा ललगा. रचनेचा पहिला भाग आठ बारचा, प्रत्येक बारमध्ये दोन गट. म्हणजे बरोबर तोटकाच्या चार चरणांची जागा. दुसरा भाग त्याच्या दुप्पट, सोळा बारचा. विरामाच्या ठिकाणी बाख गट थोडे मोडतो, जोडतो, पण चाल सुटत नाही. इतक्या काटेकोर मापात असूनही ती यांत्रिक वाटत नाही, कारण खाली दुसरं काहीतरी चालू आहे.

ते दुसरं काहीतरी म्हणजे खालची सुरावट. ल्यूटवर किंवा गिटारवर एकच माणूस दोन आवाज वाजवतो. वरचा आवाज लघु-लघु-गुरू करत जातो. खालचा सारख्या लांबीची पावलं टाकतो, आणि वरचा चढू लागला की बहुधा खालचा उतरू लागतो. याला काउंटरपॉइंट म्हणतात. आपल्या मैफिलीत तानपुरा षड्जाची जमीन धरून ठेवतो आणि प्रत्येक स्वराचा अर्थ त्या स्थिर जमिनीवरून ठरतो. इथे जमीनही चालते आहे. वर तोच स्वर पुन्हा आला तरी खालचा स्वर बदललेला असतो, म्हणून तो वेगळा ऐकू येतो. कधी विसावलेला, कधी ताणलेला. एकट्या वरच्या ओळीत अर्धीच रचना असते. पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन पोरवयात हाच तुकडा अर्धामुर्धा वाजवायचे, आणि सुरावट व बेस यांच्या या नात्यातूनच बीटल्सचं १९६८ मधलं 'ब्लॅकबर्ड' सुचलं, असं मॅकार्टनीनं सांगितलं आहे. म्हणजे लंडनमध्ये वर्षभराच्या अंतरानं दोन वेगळी डोकी बाखच्या एकाच पानावर काम करत होती.

टलनं काय केलं? वरचा आवाज बासरीला दिला. हे कुणालाही सुचलं असतं. खालचा आवाज मात्र बेस गिटारला दिला, आणि माझ्या मते अल्बमची कळ इथे आहे. रॉकमध्ये बेस गिटारचं रुळलेलं काम म्हणजे कॉर्डचा मूळ स्वर धरायचा आणि ड्रम्सच्या पायाबरोबर ठोकत राहायचं. कॉर्निकला इथे बाखची निम्मी रचना मिळाली. एका माणसाच्या दहा बोटांत असलेला संवाद दोन माणसांत वाटला गेला, आणि दोन माणसं आली की थोडं पुढेमागे होणं, एकमेकांना वाट देणं आपोआप आलं.

मग लय. लघु-लघु-गुरू हा छंद तसाच ठेवला, पण दोन लघूंमधली बरोबरी मोडली. पहिला थोडा ताणला, दुसरा थोडा आखडला, साधारण दोनास एक या प्रमाणात. दोघांची मिळून लांबी तीच राहते, म्हणून चरण मोडत नाही. फक्त उच्चार झुलता होतो. जाझवाले याला स्विंग म्हणतात. बंकरचे ड्रम्स हलक्या हातानं हाच झोका धरतात. बाखचा एकही महत्त्वाचा स्वर न बदलता दरबार मागे पडतो आणि धुरकट क्लबमधली मध्यरात्र सुरू होते. गंमत अशी की नाचासाठी जन्मलेल्या या चालीला दरबारात स्थिर बसवलं होतं. जाझनं तिच्या पायात पुन्हा हालचाल आणली.

पुढे बासरी मूळ सुरावट सोडून उपज करू लागते, फुंकर फाटते, गळा मिसळतो. त्यानंतर बेस गिटार एकटी पुढे येते. निव्वळ ठोके देणारं वाद्य म्हणून जिला कुणी ऐकलं नसतं, ती कॉर्ड आणि सुरावट दोन्ही सांभाळत बोलते. आणि मग मूळ चाल परत. आधी बंदिश, मग उपज, मग पुन्हा बंदिशीवर येणं हा क्रम आपल्याला नवा नाही. जाझचाही तोच आहे. बाखच्या दोन भागांच्या घट्ट चौकटीत तो इतका सहज मावतो, हे पुन्हा पुन्हा ऐकूनही नवल वाटतं.

हे समजलं की अल्बममधली बाकीची गाणी वेगळी ऐकू येतात. 'नथिंग इज ईझी'मध्ये कॉर्निकचा बेस कसा स्वतःच्या पायांनी चालतो, गिटार आणि बासरी एकच ओळ मिळून वाजवून झटक्यात कशा थांबतात, हे सगळं 'बूरे'च्याच शिस्तीतून आलेलं आहे. त्याच वर्षी अल्बमबाहेर, सिंगल म्हणून निघालेल्या 'लिव्हिंग इन द पास्ट' या पाच मात्रांच्या गाण्यातही सगळा डोलारा बेसच्या एका फिरत्या ओळीवर आहे. ते ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पाच मात्रांचं गाणं सामान्य श्रोत्यांनी असं उचलून धरणं ही तेव्हाही साधी गोष्ट नव्हती.

लोकसंगीताचा धागा थोडा निराळा आहे, कारण तिथे बाखसारखं एक पान दाखवता येत नाही. ब्रिटनमध्ये साठच्या दशकात लोकसंगीताचे क्लब गावोगाव होते. बर्ट यान्श, रॉय हार्पर यांच्यासारखे गायक एक साधी गिटार घेऊन बसायचे, बोटांनी तारा छेडत गायचे. अँडरसनवर त्यांचा प्रभाव आहे आणि तो तीन ठिकाणी जाणवतो. पहिलं, अकूस्टिक गिटार. 'लुक इनटू द सन'मध्ये गाणं तिच्यावरच उभं आहे. इलेक्ट्रिक गिटार मधूनमधून एखादी रेघ ओढते, एवढंच. दुसरं, विषय. ब्लूजमधल्या विरहाच्या ठरीव तक्रारींऐवजी इथे घर, आईवडील, लंडनच्या चौकात जाणारा मित्र. 'बॅक टू द फॅमिली'चा नायक शहराला विटून घरी जातो, घराला विटून परत शहराकडे पाहतो. गाणंही तसंच एका कडव्यात हळू बोलतं, दुसऱ्यात अंगावर येतं. 'फॉर अ थाउजंड मदर्स' पोरावर विश्वास न ठेवणाऱ्या आईबापांना सुनावतं, सहाच्या धावत्या ठेक्यावर, आणि संपलं असं वाटल्यावर पुन्हा उसळी मारून येतं.

तिसरं ठिकाण म्हणजे वाद्यांची निवड. 'फॅट मॅन'मध्ये इलेक्ट्रिक गिटारला कामच नाही. मँडोलिन आणि हातानं वाजवायची तालवाद्यं, त्यावर अँडरसनचा आवाज. मँडोलिन आपल्याला जुन्या हिंदी चित्रपटगीतांमुळे पाठ आहे. तिच्या जोडतारा असतात, आणि नखीच्या झटपट आघातांनी एकच स्वर लांबवला की तो थरथरत राहतो. चालही पूर्वेकडची छटा घेऊन येते. नेमक्या कुठल्या देशाची, ते सांगता येत नाही आणि तशी गरजही नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की मोठ्या आवाजाच्या बँडनं गाण्यापुरतं सगळं वीज लागणारं सामान खाली ठेवलं. शांत वाद्यांना जागा हवी असेल तर मोठ्यांनी गप्प बसावं लागतं. ध्वनिमुद्रणात बासरीचा आवाज यंत्रानं वाढवता येतो, पण त्यानं तिचा स्वभाव बदलत नाही; स्वभाव जपायचा तर वाद्यमेळातच तशी तजवीज करावी लागते. हळू आणि मोठ्यानं यांची ही आखणी म्हणजे टलनं प्रोग्रेसिव्ह रॉकला दिलेली मोठी देणगी आहे. दोनच वर्षांनी आलेल्या 'अॅक्वालंग'मध्ये हीच आखणी पूर्ण बहरात दिसते.

'वी यूज्ड टू नो'बद्दल एक गोष्ट लोकांना हटकून सांगावीशी वाटते : त्याची कॉर्डची साखळी ईगल्सच्या १९७६ मधल्या 'होटेल कॅलिफोर्निया'शी मिळतीजुळती आहे, आणि ईगल्स १९७२ मध्ये टलसोबत दौऱ्यावर होते. अँडरसननं यावरून कधी चोरीचा आरोप केला नाही. कॉर्डची साखळी कुणाच्या मालकीची नसते, ही त्याची भूमिका. ती मला पटते. त्यापेक्षा ऐकण्यासारखं आहे ते गाण्याचं चढत जाणं. तीनच्या लयीत साधी गिटार सुरुवात करते, एकेक वाद्य येऊन मिळतं आणि मार्टिन बारची वा-वा पेडलवरची (पायानं सुराचा रंग बदलणारी) गिटार गाण्याला शेवटी टोकाला नेते. साखळी तीच फिरत राहते, बदलतो तो फक्त भार.

उरलं 'रीझन्स फॉर वेटिंग', आणि अभिजात संगीताची दुसरी, वेगळी वाट. इथे बाखचा तुकडा नाही, पण खरीखुरी तंतुवाद्यं आहेत. त्यांची मांडणी डी पामर यांची, ज्यांचं नाव तेव्हा डेव्हिड पामर होतं. लंडनच्या रॉयल अॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकलेल्या पामर पुढे बँडच्या सदस्यही झाल्या. या गाण्याची तुलना १९६७ मधल्या मूडी ब्लूजच्या 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड'शी करून बघावी. त्या अल्बममध्ये पीटर नाइटच्या मांडणीतला ऑर्केस्ट्रा बहुतांशी गाण्यांच्या मधल्या जागांत वाजतो. गाणं संपतं, ऑर्केस्ट्रा येतो, तो थांबतो, पुढचं गाणं. तो अल्बम सुंदर आहे, पण त्यातले दोन प्रदेश शेजारी-शेजारी राहतात. 'रीझन्स फॉर वेटिंग' आधी अकूस्टिक गिटार, बासरी आणि हॅमंड ऑर्गनवर हळुवार उलगडतं. इथे दुसरी बासरी मार्टिन बारची आहे, म्हणजे रॉक बँडचा गिटारवादकही गिटार ठेवून फुंकायला बसला. तंतुवाद्यं येतात तेव्हा गाणं आधीच उभं राहिलेलं असतं. ती बासरीच्या ओळीखाली शिरतात आणि गाण्याचा शेवट स्वतःच्या अंगावर घेतात. 'बूरे'मध्ये खालच्या आवाजानं जे काम केलं, त्याचंच हे विस्तारलेलं रूप.

दोष नाहीत असं नाही. अँडरसनच्या आवाजाचा पल्ला अजून लहान आहे, काही गाण्यांत शब्द सुरावटीच्या मागे फरपटतात, आणि 'जेफ्री गोज टू लेस्टर स्क्वेअर' हे गोड गाणं जमतंय तोवर संपून जातं. पण आपल्या मर्यादा ओळखून त्यांच्या आत नवी वाट काढणारी माणसं इथे कामाला लागलेली ऐकू येतात, आणि ते ऐकणं मला पुष्कळ निर्दोष अल्बमपेक्षा मोलाचं वाटतं.

मूळ रेकॉर्डचं वेष्टनही याच वृत्तीचं होतं. जेम्स ग्रॅशोनं लाकडावर कोरून केलेलं चित्र बाहेर, आणि पाकीट उघडलं की बँडमधले चौघं कागदी बाहुल्यांसारखे उठून उभे राहायचे. अल्बमचं नाव तिथून थेट समजायचं. न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या साप्ताहिकानं त्या वर्षीच्या उत्तम वेष्टनाचा मान त्याला दिला.

ऐकायला बसणार असाल तर एक क्रम सुचवतो. आधी बाखचा मूळ तुकडा एकट्या गिटारवर ऐका. ज्युलियन ब्रीमचं वादन सहज मिळतं. दुसऱ्या वेळी वरची ओळ सोडून फक्त खालच्या आवाजाचा माग काढा; पहिल्यांदा तो निसटतो, मग पकडीत येतो. त्यानंतर टलचं 'बूरे' लावा आणि कान कॉर्निकवर ठेवा, बासरीवर नको. ती आपली जागा मागून घेतेच. हे झालं की अल्बम पहिल्या गाण्यापासून सलग ऐका. २०१६ मध्ये स्टीव्हन विल्सननं मूळ टेपवरून केलेलं नवं मिश्रण उपलब्ध आहे आणि त्यात वाद्यं अधिक सुटी ऐकू येतात; खालचा आवाज शोधायचा असेल तर सुरुवात त्यापासून करावी, आणि नंतर १९६९ च्या मूळ मिश्रणाकडे जावं.